न दिसणाऱ्या कड्याचे माप

छाती उघडून हृदयाची झडप बदलणाऱ्या सर्जनच्या हाताशी एक साधे साधन असते. दांड्यांच्या टोकांना बसवलेल्या, क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या गोल मापांचा तो संच. खराब झालेली झडप कापून काढायची, कडेला साचलेले कॅल्शियम खरवडायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत एकेक माप घालून पाहायचे. सैल वाटले तर पुढचे, अडकले तर मागचे. कासार हात दाबून पाहतो आणि कोणत्या मापाची बांगडी चढेल ते सांगतो, त्यातलाच हा प्रकार. जागा डोळ्यांना दिसते, घट्टपणा बोटांना कळतो.

टावी या उपचारात यातले काहीच उरत नाही. जांघेतल्या रोहिणीतून एक नळी वर सरकवली जाते. तिच्या टोकाशी धातूच्या जाळीत शिवलेला व्हॉल्व्ह घडी घालून बसवलेला असतो. हृदय धडधडत असतानाच तो जुन्या झडपेच्या आत नेऊन उघडायचा. जुनी झडप काढत नाहीत, ती भिंतीशी दाबली जाते आणि तिथेच राहते. ती जागा कुणी पाहिलेली नसते, कुणी चाचपलेली नसते. फुग्याने उघडणारा व्हॉल्व्ह एकदा उघडला की पुन्हा मिटवता येत नाही. म्हणून माप रुग्ण टेबलावर येण्यापूर्वीच ठरलेले हवे, आणि ते मुख्यतः सीटी स्कॅनमधून काढायचे. हे पुस्तक त्या मापाविषयी आहे, आणि ते माप घ्यायला संगणकाला कसे शिकवले जाते आहे याविषयी.

आत शिरण्यापूर्वी शब्दांविषयी थोडे. शाळेच्या पुस्तकातली महारोहिणी दवाखान्यात एओर्टा होते. इथे दोन्ही शब्द येतील. निसर्गाने दिलेली ती झडप आणि माणसाने बनवलेला तो व्हॉल्व्ह, एवढा भेद आम्ही पाळला आहे. रुग्णांचे नातेवाईकही 'झडप खराब झाली, व्हॉल्व्ह बसवला' असेच बोलतात. सेगमेंटेशन, व्हॉक्सेल, न्यूरल नेटवर्क हे शब्द तसेच ठेवले आहेत. नवे शब्द पाडून वाचकाला दारातच अडवण्यापेक्षा रुळलेला शब्द नीट समजावून सांगणे मला अधिक रास्त वाटते.

या उपचाराची सुरुवात एका कसायाच्या दुकानाशी जोडलेली आहे. १९८९ च्या सुरुवातीला डेन्मार्कचे तरुण डॉक्टर हेनिंग रुड अँडरसन अमेरिकेत हुलिओ पाल्माझ यांचे स्टेंटवरचे व्याख्यान ऐकत बसले होते. आक्रसलेली रोहिणी उघडी ठेवणारी जाळी जर फुग्यावर बसवून आत नेता येते, तर त्या जाळीत झडप शिवून ती का नेता येऊ नये, असे त्यांच्या मनात आले. घरी परतल्यावर त्यांनी कसायाकडून डुकरांची हृदये आणली, झडपा काढल्या, तारेच्या जाळीत हाताने शिवल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात एका जिवंत डुकराच्या शरीरात असा व्हॉल्व्ह बसवून दाखवला. त्यावरचा लेख छापून यायला १९९२ उजाडले. इकडे फ्रान्समधल्या रुआं शहरात अलँ क्रिबिए १९८५ पासून आक्रसलेल्या झडपेत फुगा फुगवून ती सैल करत होते. काही महिन्यांत ती पुन्हा आक्रसायची, आणि हे त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. १६ एप्रिल २००२ रोजी त्यांनी ५७ वर्षांच्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या एका रुग्णाच्या हृदयात पहिला व्हॉल्व्ह बसवला. तो रुग्ण पुढे फार काळ जगला नाही, पण व्हॉल्व्हने काम केले.

त्या एका माणसापासून जगभरच्या लाखो रुग्णांपर्यंतचा प्रवास इथे सांगत बसत नाही. एकच अभ्यास पुरे. ज्यांना छाती उघडण्याची शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा ३५८ रुग्णांवरचा 'पार्टनर' अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रचलित उपचार मिळालेल्या गटातले ५०.७ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले, टावी झालेल्या गटातले ३०.७ टक्के. हा आजार झडप आक्रसण्याचा. निरोगी माणसाच्या एओर्टाच्या झडपेचे तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. ते एक चौरस सेंटिमीटरवर आले, की आजार गंभीर समजतात. दम लागू लागला, चालताना भोवळ येऊ लागली, की फारसा वेळ हातात नसतो.

आता मापाकडे येऊ, कारण या विषयाची सारी गुंतागुंत आणि सारे सौंदर्य तिथेच आहे.

एओर्टाच्या झडपेला तीन पाकळ्या. त्या भिंतीला गोल रेषेत चिकटलेल्या नसतात. प्रत्येक पाकळीची कड वरून खाली झोकात उतरते आणि पुन्हा वर चढते, म्हणून तिन्ही मिळून मुकुटासारखा आकार होतो. या तीन कमानींचे जे सर्वांत खालचे तीन बिंदू, त्यांतून एक पातळी जाते. त्या पातळीत हृदयाच्या भिंतीचा जो छेद मिळतो, तो ॲन्युलस, म्हणजे कडे. व्हॉल्व्हचे माप या कड्यावरून ठरते. आणि हे कडे शरीरात नाही! तिथे कसलाही वेगळा तंतू नाही, वळी नाही, कापून दाखवता येईल असे काहीही नाही. तीन बिंदू खरे आहेत. कडे ही आपण मनाने काढलेली रेषा आहे.

शिवाय ते गोलही नाही, बहुतेकांमध्ये लंबगोल असते. टावीच्या पहिल्या काही वर्षांत सोनोग्राफीवर एकाच दिशेने व्यास मोजून वर्तुळ गृहीत धरले जाई, आणि ती दिशा बहुधा लंबगोलाच्या अरुंद बाजूची असे. मग व्हॉल्व्ह लहान पडायचा आणि त्याच्या कडेने रक्त मागे गळायचे. सीटी स्कॅनने कड्याचा खरा आकार दाखवला तेव्हा कुठे निवड सुधारली. व्हॉल्व्ह मोठा निवडला तर धोका उलट बाजूचा: कडे फाटू शकते, किंवा जवळून जाणाऱ्या विद्युतवाहिन्यांवर दाब येऊन रुग्णाला पेसमेकर बसवावा लागतो. व्यास २३ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस मिलिमीटर येते, २४ धरला तर ४५२. एका मिलिमीटरच्या फरकाने क्षेत्रफळ नऊ टक्के बदलते, आणि स्कॅनमध्ये एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनचे सर्वांत लहान त्रिमित ठिपके.

माणूस हे काम कसे करतो ते प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा शेजारी बसून पाहावे. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेल्या स्कॅनमधून आकुंचनाचा क्षण निवडायचा, कारण तेव्हा कडे सहसा मोठे असते. मग पातळ काप पुढेमागे सरकवत, कधी या बाजूने कधी त्या बाजूने तिरके करत, तीन बिंदू शोधायचे. कड्याची रेघ हाताने ओढायची. तिथून हृदयाच्या दोन्ही रोहिण्यांची मुखे किती उंचीवर आहेत ते मोजायचे. ती दहा-बारा मिलिमीटरहून खाली असतील तर दाबली गेलेली जुनी पाकळी मुख झाकून टाकेल ही भीती असते. कॅल्शियम कुठे किती साचले आहे ते पाहायचे. जांघेतली रोहिणी नळी जाण्याइतकी रुंद आहे का, वाटेत किती वळणे आहेत, हेही बघायचे. सरावलेल्या माणसाचाही यात कित्येकदा अर्धा तास जातो. मी पहिल्यांदा अशा खुणा करायला बसलो तेव्हा सकाळी ठेवलेला बिंदू दुपारी मलाच पटेना. तो अस्वस्थपणा मी आजवर विसरलेलो नाही, आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला तो अनुभव यावा असे मला मनापासून वाटते.

या कामात संगणकाची मदत घेण्याचे प्रयत्न डीप लर्निंगच्या, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कच्या, आधीपासूनचे आहेत, पण चित्र पालटले ते २०१५ साली. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या ओलाफ रॉनेबर्गर, फिलिप फिशर आणि थॉमस ब्रॉक्स यांनी यू-नेट नावाची न्यूरल नेटवर्कची रचना मांडली. ती समजायला सिंहगडाची वाट आठवावी. वर चढत जावे तसे अधिकाधिक मुलूख दिसतो. नदी कुठे, धरण कुठे, शहर कुठवर पसरले आहे ते एका नजरेत कळते, पण कुठलीही गल्ली ओळखू येत नाही. यू-नेटही चित्र टप्प्याटप्प्याने लहान करत असेच वर चढते, म्हणजे कोणता अवयव कशाशेजारी आहे याचे भान त्याला येते. मग ते खाली उतरते, आणि उतरताना चढणीच्या प्रत्येक टप्प्यावर टिपून ठेवलेला बारीक तपशील पुन्हा हाती घेते. म्हणून शेवटी प्रत्येक ठिपक्याविषयी ते सांगू शकते: हा एओर्टाचा, हा कॅल्शियमचा, हा हृदयाच्या स्नायूचा. या ठिपकावार वाटणीलाच सेगमेंटेशन म्हणतात. मूळ लेखातल्या एका प्रयोगात शिकवण्यासाठी अवघी ३० चित्रे होती. वैद्यकात लाखो चित्रांवर कुणी खुणा करून देत नाही, त्यामुळे या ३० च्या आकड्याने अनेकांना धीर दिला. पुढच्याच वर्षी ही रचना त्रिमितीत आली. २०२१ साली हायडेलबर्गच्या गटाने एनएन-यू-नेट प्रसिद्ध करून दाखवून दिले, की रचनेत नवनव्या क्लृप्त्या घालण्यापेक्षा जुनीच रचना हाती असलेल्या स्कॅनला नीट जुळवून घेतली तर ती बहुतेकांना मागे टाकते. नव्या संशोधकाने हा धडा लवकर शिकावा. पुष्कळ वर्षे वाचतात.

अभियांत्रिकीकडून येणाऱ्या वाचकाला एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. सेगमेंटेशन किती चांगले जमले हे सांगायला सगळे जण डाइस गुणांक वापरतात. ली डाइस हे प्राणिशास्त्रज्ञ. दोन जाती एकत्र किती आढळतात हे मोजायला त्यांनी १९४५ साली तो मांडला. माणसाने रंगवलेला भाग आणि यंत्राने रंगवलेला भाग किती जुळतो, हे तो सांगतो. पण आपले कडे तीन बिंदूंवर उभे आहे. २३ मिलिमीटरच्या कड्यावर ते बिंदू एकमेकांपासून साधारण २० मिलिमीटरवर असतात. त्यांतला एकच बिंदू दोन मिलिमीटरने वर सरकला तर सगळी पातळी सुमारे साडेसहा अंशांनी कलते. कड्याचा आकार बदलतो, रोहिण्यांच्या मुखांची उंची बदलते, आणि ऑपरेशनच्या वेळी क्ष-किरणांचे यंत्र कोणत्या कोनात वळवायचे त्याचा हिशेबही चुकतो. डाइस गुणांकात मात्र याचा मागमूस लागत नाही, कारण हजारो ठिपक्यांत मोजकेच इकडचे तिकडे झालेले असतात. म्हणून या क्षेत्रातला कोणताही लेख वाचताना मी आधी डाइसचा तक्ता ओलांडतो आणि बिंदू किती मिलिमीटरने चुकला ते शोधतो. तो आकडा दिलेला नसेल तर तो लेख टावीसाठी अपुरा, असे माझे मत आहे.

यामागचा प्रश्न अधिक खोल आहे. यंत्र शिकते ते माणसाने केलेल्या खुणांवरून, आणि त्या खुणा म्हणजे शरीरात नसलेल्या रेषेविषयी तज्ज्ञांनी केलेला करार आहे. दोन तज्ज्ञांच्या रेघा तंतोतंत जुळत नाहीत. अशा वेळी यंत्र 'बरोबर' आले म्हणजे काय? ते दोघांपैकी कुणाशी जुळले? दोन माणसांमध्ये जेवढे अंतर पडते तेवढ्याच अंतरात यंत्र राहिले, तर ते तज्ज्ञांच्या वर्तुळात बसण्याजोगे झाले, एवढेच मी म्हणेन. त्याचा मोठा गुण मात्र मान्य करायला हवा: तोच स्कॅन सकाळी दिला काय आणि दुपारी दिला काय, ते तेच उत्तर देते. थकव्याचा परिणाम त्याच्यावर होत नाही.

पण हाच ठामपणा घातकही ठरतो. शंभरात एका-दोघांना जन्मतःच तीनऐवजी दोनच पाकळ्यांची झडप असते. तिथे तीन बिंदूंची व्याख्याच लागू पडत नाही. माणूस थबकतो, दुसऱ्याला हाक मारतो. केवळ तीन पाकळ्यांवर शिकलेले नेटवर्क निःशंकपणे तीन बिंदू ठेवून मोकळे होते. आधी बसवलेला व्हॉल्व्ह, पेसमेकरच्या तारा, ठोका अनियमित असल्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचे दिसणारे स्कॅन, या सगळ्यांत हीच अडचण. 'मला इथे कळत नाही' असे म्हणायला यंत्राला कसे शिकवावे, यावर या पुस्तकात सर्वांत अधिक पाने खर्च झाली आहेत, आणि ती वाचकाने घाईने उलटू नयेत.

आपल्याकडच्या परिस्थितीविषयी बोलायला हवे. भारतात झडपांचा आजार म्हटला की आधी आठवतो तो संधिवाताच्या तापाने लहान वयात झडपा निकामी करणारा रोग. त्यात बहुतेकदा डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप जाते. त्या रुग्णांसाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी चित्रा व्हॉल्व्ह तयार झाला आणि १९९० च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. टावीतही आपण नुसते गिऱ्हाईक राहिलो नाही. महाराष्ट्राच्या हद्दीलगत, गुजरातमधल्या वापीच्या मेरिल कंपनीच्या मायव्हॅल या व्हॉल्व्हला २०१८ साली भारतात परवानगी मिळाली. फुग्याने उघडणारे व्हॉल्व्ह पूर्वी २०, २३, २६, २९ असे तीन-तीन मिलिमीटरच्या अंतराने येत. मायव्हॅलने २१.५, २४.५, २७.५ अशी मधली मापेही आणली. दोन मापांच्या मधोमध सापडणाऱ्या रुग्णाची सोय झाली, आणि मोजणाऱ्याची जबाबदारी वाढली. दीड मिलिमीटरच्या पायऱ्या केल्यावर एका मिलिमीटरची चूक परवडत नाही.

मोजमाप करून देण्यासाठी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांचे तज्ज्ञ मदत करतात, ही पद्धत जगभर रूढ आहे आणि त्यांचे कौशल्य मोठे आहे. तरीही विकणाऱ्याव्यतिरिक्त कुणीतरी स्वतंत्रपणे मोजावे, असे मला वाटते. मुंबई-पुण्याबाहेरच्या एखाद्या केंद्रात, जिथे या कामात मुरलेला रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे चांगले सॉफ्टवेअर हे दुसरे मत देऊ शकते. मात्र त्यासाठी ते आपल्या रुग्णांवर तपासलेले हवे. झडपेवरच्या कॅल्शियम स्कोअरचा उंबरठा पुरुषांसाठी २००० आणि स्त्रियांसाठी १२०० धरतात, कारण स्त्रियांमध्ये कमी कॅल्शियम असूनही झडप तेवढीच आक्रसलेली असू शकते. हा फरक वेगळा मोजला गेला म्हणून कळला. परदेशातल्या स्कॅनवर शिकलेले नेटवर्क आपल्याकडच्या लहान चणीच्या वृद्धेच्या कड्यावर कसे चालते, हेही कुणीतरी मोजल्याशिवाय कळणार नाही. आपल्या रुग्णालयांत असे स्कॅन साठलेले आहेत. रुग्णाची संमती, नावगाव पुसून टाकणे, २०२३ साली संसदेने केलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि त्याच वर्षीची आयसीएमआरची कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे, या चौकटीत राहून त्यांवर खुणा करण्याचे काम आपल्याच विद्यार्थ्यांनी करायचे आहे. ते काम किचकट आहे, त्यात नाव मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय बाकीचे सगळे पोकळ आहे.

रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरांना एक गोष्ट सांगतो. २०१६ साली संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी टोरांटोत म्हटले होते, की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे. तसे झाले नाही. तुमची गरज संपलेली नाही. तुम्ही ठेवलेल्या बिंदूंवरच हे सारे उभे आहे. आणि अभियंत्यांनो, तुम्हाला वैद्यकातले काही येत नाही म्हणून बिचकू नका. डॉक्टर असलेल्या अँडरसन यांनीही जाळी हातानेच वळवली होती.

या पुस्तकातली प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. मात्र त्याआधी एक काम करा. मटणाच्या दुकानात जाऊन बोकडाचे हृदय आणा. 'काळीज' मागितले तर यकृत मिळते, म्हणून 'दिल' मागा, आणि वरच्या नळीसकट द्यायला सांगा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात परवानगी घेऊन जावे. एओर्टा उभी चिरा, उघडून सपाट करा. तीन पाकळ्या, त्यांच्यामागचे तीन खळगे, रोहिण्यांची दोन मुखे, सगळे दिसेल. मग पाकळ्यांच्या तळाशी बोट फिरवून ते कडे शोधा. पुरेसा वेळ शोधा. त्यानंतर हवे ते प्रकरण उघडा.